सारख्या ओळींचा निवाडा

"…मग खोटं कोण बोलतंय, महाराज? माझं यंत्र की मठाचं?"

दयाळगिरी शेवग्याच्या शेंगा मोडत होते. एक शेंग मोडली. तिचा दोर ओढला. तुकडे परातीत टाकले.

"दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत," निनाद म्हणाला. "फाईल तीच. कमांड तीच, अक्षर न् अक्षर. आणि उत्तरं दोन."

"मजा आहे," महाराज म्हणाले.

"मजा?"

"मग काय. बस ना."

निनाद बसला नाही.

हा निनाद खासनीस पुण्याचा. तिशीतला, संगणकाच्या कामात मुरलेला. पावसाळा सरल्यापासून खडकवळणच्या गोसावी मठात राहत होता आणि दीक्षा मागत होता. दयाळगिरी तिथले महंत. संन्यास घेण्याआधी ते एका वेधशाळेत संगणकांची देखभाल करत. गावात हे कुणाच्या फारसं लक्षात नव्हतं, पण निनादला ठाऊक होतं. म्हणून तर तो याच मठात आला होता.

मी त्या दिवशी मठात पाहुणा होतो. ओसरीच्या खांबाला टेकून बसलो होतो. ऐकलं तसं लिहितो आहे. एखादा शब्द इकडचा तिकडे झालाच असेल.

त्या मठात एक रीत आहे. माघात मठाचा गोसावी आसपासची गावं फिरतो. दाराशी उभा राहतो, पण पीठ घेत नाही. "माई, एक पद वाढा," म्हणतो. मग त्या घराला जे येत असेल ते मिळतं. ओवी, पाळणा, भूपाळी, हादग्याचं गाणं, काहीही. ते लिहून घ्यायचं. देणाऱ्या घराचं नाव लिहायचं नाही, फक्त गावाचं लिहायचं. याला ते शब्दभिक्षा म्हणतात.

कित्येक वर्षं ही भिक्षा सोपानगिरी आणत होते. साठी उलटलेले, तापट, सडे. आणलेली पदं दोन बोटांनी संगणकावर उतरवण्याचं कामही त्यांचंच. आता त्यांचं पुस्तक होणार होतं. फाईल त्याच दिवशी छापखान्यात जायची होती. त्याआधी ती जरा झाडूनपुसून घे, असं महाराजांनी निनादला सांगितलं होतं.

निनादने झाडली. ओळी क्रमाने लावल्या, सारख्या ओळींतली एकेक ठेवून बाकीच्या काढल्या. बघतो तर गावागणिक एकेकच पद उरलेलं.

सकाळच्या आरतीनंतर, सगळे बसलेले असताना, त्याने ते मोठ्याने सांगितलं. सोपानगिरींनी प्रत्येक गावात एकच पद मिळवलं, आणि तेच पुन्हा पुन्हा लिहून फाईल फुगवली.

सोपानगिरी उठले. खोलीत गेले. झोळी भरली. मठासमोर करंजाच्या झाडाखाली एसटीचा थांबा आहे, तिथे जाऊन बसले. मठाकडे पाठ करून.

महाराजांनी त्यांना अडवलं नाही. निनादला एवढंच म्हणाले, "हेच मठाच्या यंत्रावर करून बघ."

मठाचा लॅपटॉप जुना. कळांवरची अक्षरं पुसलेली. त्यावर तीच फाईल, तीच कमांड.

एकही ओळ कमी झाली नाही.

"सोपान!" महाराजांनी ओसरीवरून हाक मारली. "गाडी आली का रे?"

"आली असती तर मी हितं असतो का?" करंजाखालून उत्तर आलं. पाठ तशीच.

"बरं, बरं."

निनाद अस्वस्थ झाला. "महाराज, तुम्ही त्यांना थांबवा तरी, नाहीतर जाऊ द्या. मधेच काय?"

"मी कशाला थांबवू? सांगितलंस तू, चाललाय तो. मी शेंगा मोडतोय." त्यांनी दुसरी शेंग घेतली. "त्या दोघींना नाव विचारलंस का?"

"कुणाला?"

"ज्यांच्याकडून काम करून घेतलंस त्यांना. काय ती सारख्या ओळी काढणारी कमांड… युनिक ना? तिला विचार, बाई गं, तू कोण, कुणाची?"

"युनिक म्हणजे युनिक, महाराज. सगळीकडे असते."

"गणपत पण सगळीकडे असतात. सगळे एकाच घरचे का?"

निनादने मठाच्या यंत्रावर विचारलं. कमांडला तिची आवृत्ती विचारायची एक पद्धत असते, तशी. पडदा भरून उत्तर आलं. नाव, आवृत्ती, कुणी घडवली, कुणाच्या परवानगीने वाटता येईल.

"अख्खी गुरुपरंपरा," महाराज खूश झाले. "आता तुझीला."

निनादने आपल्या लॅपटॉपवर तेच विचारलं. एक त्रोटक ओळ आली.

"काय म्हणते?"

"म्हणते, असा पर्याय नाही. भलतं विचारू नका."

"आणि?"

"आणि काही नाही. ती उत्तर देत नाही."

"दिलं की."

निनादने पडद्याकडे पाहिलं. मग मठाच्या पडद्याकडे. मग पुन्हा आपल्या…

"जी नाव सांगते ती एका घराण्याची," तो हळू म्हणाला. "जी चिडते ती दुसऱ्या. नाव एकच, पण घराणी दोन."

"बघ. आणि एवढ्यात बसलास पण."

निनाद खरोखरच घोंगडीवर बसला होता. कधी, ते त्यालाही कळलं नव्हतं.

"पण महाराज, घराणं कुठलंही असो. सारखं म्हणजे सारखं. ते कसं बदलेल?"

"मला नाही माहीत," महाराज म्हणाले. मला वाटतं, ते खरंच सांगत होते. "विचारू या. तुझ्या यंत्रावर दोनच ओळी लिही. गावं नकोत, काही नको. पहिली ओळ लिही, सोपान खोटा आहे."

निनादचा हात थबकला.

"लिही. सकाळी तोंडाने बोललास. हाताला काय झालं?"

निनादने लिहिलं.

"त्याखाली लिही, सोपान खरा आहे. आता विचार तिला, सारख्यातली एक ठेव म्हणावं."

निनादने कळ दाबली. एकच ओळ उरली.

सोपान खोटा आहे.

"अरे!" महाराज पुढे झुकले. हातातली शेंग हातातच राहिली. "आता उलटं कर. खरा वर, खोटा खाली."

कळ दाबली. एकच ओळ.

सोपान खरा आहे.

 मीही खांब सोडून पुढे सरकलो होतो.

"पोचलेलं आहे रे तुझं यंत्र," महाराज म्हणाले. "त्याला खरं-खोटं एकच. आमची हयात गेली, आम्हाला नाही जमलं."

निनाद हसला नाही.

"आणि दोघांतलं राहतं कोण?"

"जे आधी येतं ते."

"हं. सकाळी आरतीला आधी कोण बोललं होतं?"

निनादने मान खाली घातली. मग त्याची बोटं पुन्हा चालू लागली. तो चिडून मारत नव्हता आता कळा. शोधत होता. एक अक्षर लिही, दुसरं लिही, विचार. इंग्रजी लिही, विचार. आकडा लिही, विचार. महाराज शेजारी सरकून बसले. दोघं एकाच पडद्यात डोकं घालून. परात बाजूला राहिली.

"सापडलं," निनाद म्हणाला. "ही ओळींची तुलना करते ती भाषेच्या सेटिंगमधल्या वर्णक्रमाने. माझ्याकडे सेटिंग इंग्रजी आहे. त्या क्रमात आपली अक्षरं बसवलेलीच नाहीत. ज्यांना क्रमात जागा नाही ती तिला दिसत नाहीत."

"दिसतात की. छापतेय बघ कशी. वेलांटी न् वेलांटी."

"मग?"

"दिसतात. जमेस धरत नाही."

निनादने फाईल पुन्हा उघडली.

फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला गावाचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत. त्यापुढे त्याच ओळीत मराठीत अख्खं पद. निनादच्या यंत्राने गावाचं नाव तेवढं मोजलं आणि पद सोडून दिलं. म्हणून एका गावची सगळी पदं त्याला एकच वाटली. पहिलं ठेवलं. बाकीची टाकली.

"मी फक्त किती उरल्या ते बघितलं," निनाद म्हणाला. "काय गेलं ते बघितलंच नाही."

करंजाखालून खाकरण्याचा आवाज आला. मुद्दाम काढलेला असावा.

"गाडीला उशीर दिसतोय, सोपान," महाराज ओरडले.

"गाडीला होऊ दे. माझा उशीर कधीच झाला. जायचं होतं तेव्हाच जायला पायजे होतं."

"कधी?"

"हे पोरगं आलं त्या दिवशी!"

महाराज तोंडातल्या तोंडात हसले. निनादचे कान लाल झाले.

"यावर उपाय आहे," तो घाईने म्हणाला. "भाषाच काढून घ्यायची. त्या कमांडला सांगायचं, तुला कुठलीही भाषा येत नाही. अक्षरं आत आकड्यांनी साठवलेली असतात, ते आकडे एकाशी एक ताडून बघ."

"भाषा काढून घेतली की तिला मराठी कळेल?"

"कळणार नाही. पण फरक कळेल."

"वा." महाराजांनी मांडीवर हात मारला. "हे मला परत एकदा सांग."

निनादने परत सांगितलं. मग करून दाखवलं. आपल्या यंत्रावरची भाषा काढली. मठाच्या यंत्रावरचीही काढली. दोन्हीकडे तीच फाईल, तीच कमांड.

या वेळी दोन्ही यंत्रांचं उत्तर एकच आलं. एकही ओळ कमी झाली नाही. एकही पद दोनदा नव्हतं.

निनाद ताडकन उठला. "एकमत! बुवांचं काहीच चुकलेलं नाही. मी त्यांना सांगून येतो."

"थांब. कशावरून चुकलेलं नाही?"

"दोन्ही यंत्रं एकच सांगतायत की."

"सकाळी तुझं एकच सांगत होतं, तेव्हाही तू असाच उठला होतास."

निनाद उभा राहिला. पायरीपर्यंत गेलेला पाय मागे आला. एसटी केव्हाही आली असती, आणि गेलेला गोसावी परत आणायचा तर कुठे शोधायचा? मठाबाहेर सोपानगिरींना घर नव्हतं. असतं तर तिथे फोन तरी करता आला असता.

"काय बघू आता?" त्याने विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले आणि गुणगुणले,

"पहाट झाली गं बाई, कोंबड्याला कोण सांगं… तोंडवळ गावचं आहे. सोपानने मला हे दोनदा वाचून दाखवलेलं आठवतं. का एकदाच? माझा काय भरवसा. तू बघ."

निनादने शोधलं.

दोनदा होतं. तोंडवळचंच. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं तेच. त्याने दोन्ही ओळी एकाखाली एक लावल्या. माझा चष्मा पुसून मीही पाहिल्या. काडीचा फरक नव्हता.

"यांना विचार."

निनादने त्या दोनच ओळी दोन्ही यंत्रांना दिल्या. दोन्ही म्हणाली, वेगवेगळ्या.

"मघाशी तुझ्या यंत्राला सगळं एक," महाराज म्हणाले. "आता दोघांना एकही दोन. गंमत आहे का नाही?"

"गंमत नाही महाराज, गाडी येईल!"

"येऊ दे. तू हे बघ. ओळ संपते तिथे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही, ते कसं दिसतं?"

न दिसणाऱ्या खुणा दाखवणारी एक कमांड महाराजांना वेधशाळेपासून पाठ होती. मठाच्या यंत्रावर ती चालली. निनादने सवयीने आपल्या यंत्रावरही मारली, ती चिडली. पण या वेळी त्याने तिला दोष दिला नाही. "दुसरं घराणं," एवढंच पुटपुटला आणि तिच्या घराण्यात जसं विचारतात तसं विचारलं.

एका ओळीच्या शेवटी एक बारीक खूण उमटली. दुसरीच्या शेवटी नव्हती.

"मठाच्या कचेरीतला आधीचा कॉम्प्युटर," निनाद म्हणाला. "बुवा आधी त्यावर लिहायचे. तो प्रत्येक ओळ संपवताना एक जादा खूण ठेवतो. कागदावर नाही दिसत, पडद्यावर नाही दिसत. लॅपटॉप आल्यावर लिहिलेल्या ओळींना ती नाही. म्हणून तेच पद कचेरीत लिहिलं की वेगळं, लॅपटॉपवर लिहिलं की वेगळं."

"कुठल्या चुलीवर शिजलं त्याचा वास," महाराज म्हणाले.

निनादने त्या खुणा पुसल्या. पुन्हा विचारलं. दोन्ही यंत्रांनी पुन्हा एकमताने सांगितलं. मोजकी पदं दोनदा आहेत. बाकी सगळी एकेकदाच.

तो पडद्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते काय ते मी सांगू शकणार नाही. कदाचित चुकीचं सांगेन.

"म्हणजे…" तो म्हणाला. "सकाळी मी फार बोललो. पण अगदीच काही नव्हतं असंही नाही. थोडी का होईना, बुवांनी दोनदा भरलीच आहेत."

महाराजांनी परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"आता खात्री आहे, महाराज. भाषा तपासली. खुणा तपासल्या. घराणी तपासली. दोन्ही यंत्रं बरोबर सांगतायत. मग जादाची काढू ना? म्हणजे फाईल पाठवता येईल."

खिंडीकडून एसटीचा आवाज आला. गिअर बदलल्याचा.

महाराजांनी हात पुढे केला. मठाचा लॅपटॉप मिटला. निनादचाही मिटला. दोन्हींवर हात ठेवून म्हणाले, "आता तिसऱ्याला विचार."

"तिसरं यंत्र कुठंय आपल्याकडे?"

महाराज करंजाकडे बघत होते.

निनादने त्यांच्याकडे पाहिलं. करंजाकडे पाहिलं. आणि पळाला. चपला न घालता.

आम्हीही निघालो, महाराज पुढे, मी मागे. पोचलो तेव्हा गाडी थांबली होती. सोपानगिरींचा एक पाय पायरीवर होता, झोळी खांद्यावर.

"बुवा, एकच विचारायचंय," निनाद धापा टाकत होता.

"यंत्राला विचार."

"त्याला विचारलं. त्याला माहीत नाही."

सोपानगिरींनी वळून पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"पहाट झाली गं बाई. तोंडवळचं. ते दोनदा का आहे?"

"दोन दारांत मिळालं म्हणून."

"पण तेच पद?"

"तेच. एक सासू, एक सून. मधे भिंत घातलेली. म्हातारीनं एका माघात दिलं, सुनेनं पुढच्या माघात. त्याच चालीवर. सुनेला मी म्हटलं, माई, हे पलीकडून मिळालंय. तर म्हणाली, तिचं तिनं दिलं असंल. हे माझं आहे."

"अजून बोलत नाहीत एकमेकींशी?" महाराजांनी विचारलं.

"कसल्या बोलतायत. मला सुद्धा पाणी देताना बघतात, आधी पलीकडं प्यायलो का म्हणून."

"पण ओळ सारखीच आहे ना, बुवा," निनाद म्हणाला. वाद घालत नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. "मग एक ठेवली तर?"

"कुणाची टाकू? तूच सांग. दोन घरनं भाकरी आल्या, दोन्ही ज्वारीच्या, तर एक फेकून देतो व्हय?"

निनादने नकारार्थी मान हलवली.

"आणि बाकीची? पिंपरण्याचा पाळणा आहे, वांगझरीची भूपाळी…"

सोपानगिरींनी कपाळ खाजवलं. "पाळणा दोन घरचा. भूपाळी…" ते थांबले. "ती नाही आठवत. ती मी डुलकीत दोनदा बडवली असंल. खोटं कशाला बोलू."

"बुवा, चढताय का उतरताय?" कंडक्टर दारातून ओरडला. "एक काय ते ठरवा. मागं लोक खोळंबलेत."

"चढतोय," सोपानगिरी म्हणाले.

"बुवा, चुकलं माझं," निनाद म्हणाला. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आधी."

"हितं झाडाखाली मला एकट्याला सांगून काय उपयोग? सकाळी चारचौघांत बोललास."

निनादने गाडीकडे पाहिलं. गाडी भरलेली होती. बाजाराची माणसं, पाट्या, कोंबड्यांची डालगी. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली. त्यातली निम्मी तरी शब्दभिक्षेच्या गावांची असणार.

त्याने कंडक्टरला बाजूला केलं आणि पायरीवर चढला. सोपानगिरींच्या शेजारी.

"ऐका," तो म्हणाला. आवाज फाटला. पुन्हा म्हणाला, "ऐका जरा! मी आज मठात सांगितलं, सोपानगिरीबुवांनी तीच तीच पदं भरून वही… फाईल फुगवली. ते खरं नाही. तुम्ही दिलेलं प्रत्येक पद त्यात आहे. मी यंत्राचं ऐकलं. यांना विचारलं नाही."

खिडक्यांतली डोकी आत वळली.

"म्हंजे माझा पाळणा हाय न्हवं त्यात?" मागच्या बाकावरून एका म्हातारीने विचारलं.

"कुठल्या तुम्ही?"

"पिंपरण्याची."

"आहे," निनाद म्हणाला. "तुमचाही आहे. आणि दुसरीचाही."

"दुसरी कोण? अगं बया, तिला कुठं येतोय पाळणा!"

गाडी हसली. कंडक्टर हसला. "झालं का भाषण? जाऊ का मी?"

सोपानगिरी काही क्षण पायरीवर तसेच उभे राहिले. मग हळूच खाली उतरले.

"उतरतोय," ते कंडक्टरला म्हणाले. निनादकडे न बघता म्हणाले, "चहा तू टाकायचा. आणि साखर विचारून घालायची."

"किती घालू?"

"आत्ता नको. टाकताना विचार."

गाडी गेली. धुरळा बसेपर्यंत आम्ही थांबलो. निनादने झोळी घ्यायला हात पुढे केला. सोपानगिरींनी दिली नाही, पण हात झिडकारलाही नाही.

मठाच्या दाराशी निनाद थांबला. फाईल अजून पाठवायची होती.

"महाराज, भूपाळी एकदाच ठेवतो, बुवा म्हणतात तशी. पाळणा दोन्ही ठेवतो. तोंडवळचं पदही दोन्ही. पण ते छापू कसं? एकाखाली एक आलं तर लोक म्हणतील, छापखान्याची चूक."

"एकाखाली एक नको," दयाळगिरी म्हणाले. "समोरासमोरच्या पानांवर घे."

"ते का?"

महाराज उंबरा ओलांडून आत गेले होते. आतूनच म्हणाले,

"वाचून झालं की लोक पुस्तक मिटतात. मग मधे भिंत कुठली?"